संमतीच्या बटणामागे

पेण आणि रोहा इथल्या घरांत संगणक कशासाठी वापरला जातो ते आधी पाहू, म्हणजे ही पुस्तिका कोणासाठी लिहिली आहे ते कळेल. हमरापूर, जोहे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीच्या कारखान्यांचं काम जवळजवळ वर्षभर चालतं. मूर्तींचे फोटो, मापं, व्यापाऱ्यांकडची येणी, परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं आता वहीबरोबर संगणकातही असतात, आणि तो संगणक पुष्कळदा कारखान्यात नसून घरातच असतो. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरी त्याच पडद्यावर भविष्य निर्वाह निधीचं पासबुक उघडतं, मुलाच्या प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, सातबारा उतरवून घेतला जातो. दुपारी मुलं त्यावर गेम खेळतात आणि रात्री वडील तिथूनच बँकेचे व्यवहार करतात. यंत्र एक, खातं एक, आणि बहुतेक घरांत त्याला पासवर्डही नसतो.

मग एके दिवशी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जाहिराती उगवू लागतात. गुगलवर काही शोधायला जावं तर भलतंच शोधपान उघडतं. ब्राउझर सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. घरातले म्हणतात, व्हायरस शिरला. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून देतो. फॉरमॅट मारला की यंत्र काही दिवस झकास चालतं आणि पंधरवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हे पुन्हा का होतं, हाच या पुस्तिकेचा विषय आहे. माझं म्हणणं असं की घरगुती संगणकावरचा हा त्रास बहुतेक वेळा कुलूप तोडून आत आलेला नसतो. तो परवानगी घेऊन आलेला असतो. परवानगी इंग्रजीत मागितली गेली, घाईत दिली गेली आणि दिल्याचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. त्यामुळे साफसफाईचं अर्धं काम म्हणजे आपण कुठे कुठे ‘मान्य’ म्हटलं ते शोधून ती मान्यता परत घेणं.

आपल्या भागात याचा सगळ्यात वापरातला दरवाजा म्हणजे मराठी टाइप करण्याची गरज. या गोष्टीकडे इंग्रजीतल्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाचं लक्ष जाणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो. मराठी संगणकावर आली ती वेगवेगळ्या फॉन्टांच्या वेगवेगळ्या सांकेतिक मांडणीतून. पुण्याच्या सीडॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, शिवाय कृतिदेव. एकात टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा चिवडा दिसायचा. लग्नपत्रिका छापणाऱ्याला एक फॉन्ट हवा, ग्रामपंचायतीच्या जुन्या फायलीला दुसरा, टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला तिसरा. विकत घ्यायला पैसे नाहीत, मग शोध सुरू होतो: ‘मराठी फॉन्ट फुकट’, ‘मराठी टायपिंग सॉफ्टवेअर डाउनलोड’. समोर जे पान येतं त्यावर हिरव्या रंगाची चार मोठी बटणं असतात आणि चारही जाहिराती असतात. खरी फाइल कुठेतरी खाली बारीक अक्षरांत दडलेली. मोठं बटण दाबलं की एक छोटा ‘डाउनलोडर’ उतरतो. तो फॉन्ट देतोही, पण वाटेत तीन-चार पडदे दाखवतो आणि प्रत्येकावर आधीच बरोबरची खूण केलेली एक चौकट असते: हा टूलबार बसवा, हे शोधपान कायमचं करा, हा ‘पीसी वेगवान’ करणारा प्रोग्रॅम घ्या. आपण नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करत जातो. फॉन्ट मिळतो आणि त्याच्यासोबत तीन अनोळखी प्रोग्रॅम घरात मुक्कामाला येतात.

गुगलचं इनपुट टूल्स हे याचं ठळक उदाहरण आहे. रोमन अक्षरांत लिहिलं की मराठी उमटवणारी त्याची विंडोजवरची आवृत्ती एके काळी घरोघरी होती. गुगलने ती देणं कधीच बंद केलं, तरी लोक अजून ती शोधतात आणि तिच्या नावाच्या फायली परक्या संकेतस्थळांवरून उतरवतात. त्या फायलीत मूळ प्रोग्रॅमबरोबर आणखी काय भरलं आहे, याची जबाबदारी कोणावरच नाही. आणि याची गरजही उरलेली नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहे. विंडोज १० च्या २०१९ सालच्या मे महिन्यातल्या सुधारणेपासून रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याचा फोनेटिक कळफलकही आत आला. सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की दोन्ही मिळतात, बाहेरचं काही उतरवावं लागत नाही. नोटो सान्स देवनागरी, मुक्त, बालू असे सुबक युनिकोड फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर अधिकृतपणे फुकट आहेत. एवढी एक माहिती प्रत्येक टंकलेखन वर्गात भिंतीवर लावली, तर आपल्या भागातला निम्मा अ‍ॅडवेअर (जाहिराती घुसवणारे प्रोग्रॅम) आत शिरणारच नाही असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दरवाजा क्रॅकचा, म्हणजे परवाना न घेता चालवायच्या चोरट्या प्रोग्रॅमांचा. जुना संगणक घेतला, त्यात विंडोज ‘टाकून’ मिळालं, फ्लेक्स आणि पत्रिकांसाठी कोरलड्रॉ आणि फोटोशॉपही टाकून मिळालं. विंडोज चालू ठेवण्यासाठी केएमएसपिको नावाचं साधन सर्रास वापरलं जातं. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा संस्थेने दाखवून दिलं होतं की केएमएसपिकोच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये क्रिप्टबॉट नावाचा चोर बसवलेला आहे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि पैशांच्या डिजिटल पाकिटांची माहिती तो उचलतो. असं साधन बसवताना सूचना असते, ‘अँटिव्हायरस आधी बंद करा’. आपण स्वतःच्या हाताने पहारेकरी झोपवतो. ज्या यंत्रावर हे घडलं आहे त्यावर पुढची कुठलीही सफाई अर्धवटच राहते, हे मी पुस्तिकेत पुन्हा पुन्हा सांगितलं आहे आणि त्यावर तडजोड केलेली नाही.

हा धंदा चालतो कसा, हेही वाचकाला कळायला हवं. अ‍ॅडवेअर बनवणाऱ्याला आपल्या फायलींत रस नसतो. त्याला आपली नजर आणि आपला शोध विकायचा असतो. प्रत्येक बसवलेल्या प्रतीमागे, दाखवलेल्या जाहिरातीमागे, वळवलेल्या शोधामागे काही पैसे मिळतात. एका घरातून मिळणारी रक्कम नगण्य असते, पण घरं लाखोंनी असतात. स्पायवेअर त्यापुढे जाऊन नोंदी ठेवतो: कोणती पानं पाहिली, काय टाइप केलं, कोणता पासवर्ड दिला. दोघांमधली सीमा पुसट आहे, कारण जाहिरात नेमकी लागू पडावी म्हणून अ‍ॅडवेअरही पाळत ठेवतोच. २००० सालाच्या आसपास बोंझीबडी नावाचं जांभळं माकड पडद्यावर उड्या मारत गाणी म्हणायचं. मुलांना ते आवडायचं आणि मागे ते शोधपान बदलून जाहिराती दाखवायचं. गेटर हा प्रोग्रॅम अर्ज आपोआप भरून देण्याच्या निमित्ताने यायचा. गाणी उतरवण्यासाठी काझा बसवलं की त्यासोबत असे चार-पाच हमखास यायचे. याच काळात लाव्हासॉफ्टचं अ‍ॅड-अवेअर आणि पॅट्रिक कोल्ला या प्रोग्रॅमरचं स्पायबॉट ही पहिली उतारा-साधनं आली. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची छोटी कंपनी विकत घेतली आणि तिच्या साधनातून पुढे विंडोज डिफेंडर उभं राहिलं.

अ‍ॅडवेअर कंपन्या न्यायालयात काय म्हणाल्या तेही लक्षात घेण्यासारखं आहे. झँगो या अमेरिकी अ‍ॅडवेअर कंपनीने कॅस्परस्कीवर दावा लावला होता, आमचा प्रोग्रॅम तुमचा अँटिव्हायरस अडवतो म्हणून. वापरणाऱ्याने संमती दिली आहे, हेच अशा कंपन्यांचं कायमचं समर्थन. २००९ मध्ये अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. तरीही या युक्तिवादाची सावली आजवर आहे: अँटिव्हायरस अशा प्रोग्रॅमला ‘विषाणू’ न म्हणता ‘संभाव्य नको असलेला’ म्हणतो आणि काही वेळा हात न लावता सोडून देतो. घरी अँटिव्हायरस असूनही जाहिराती का येतात, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. विंडोज सिक्युरिटीत असे प्रोग्रॅम अडवण्याचा वेगळा पर्याय आहे. तो चालू आहे का, हे आजच पाहा.

भारताचा या सगळ्यात वाटा किती, याचा अंदाज २०१७ च्या फायरबॉल प्रकरणावरून येतो. रफोटेक ही बीजिंगची जाहिरात कंपनी फुकट प्रोग्रॅमांसोबत आपला अ‍ॅडवेअर पसरवत होती. तो ब्राउझरचं मुख्य पान बदलून शोध स्वतःच्या बनावट शोधयंत्राकडे वळवायचा, आणि हवा तो प्रोग्रॅम मागून उतरवण्याची ताकद त्याच्यात होती. चेक पॉइंट या संस्थेने जून २०१७ मध्ये जगात २५ कोटी यंत्रं बाधित असल्याचं सांगितलं आणि त्यात सर्वाधिक, २ कोटी ५३ लाख, भारतात असल्याचं म्हटलं. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला असल्याचा आक्षेप घेतला आणि पुढे चेक पॉइंटनेही तो बराच खाली आणला. आकडा बाजूला ठेवला तरी जिथे फुकटचे प्रोग्रॅम उतरवण्याची सवय जास्त तिथे हा रोग जास्त, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

आता ओळखण्याविषयी. आजकाल मला सगळ्यात जास्त दिसणारा त्रास प्रोग्रॅमचा नसतोच, तो सूचनांचा असतो. एखादं पान उघडलं की वर डाव्या बाजूला चौकट येते: हे संकेतस्थळ सूचना पाठवू इच्छितं, परवानगी द्यायची का? बदमाश पानं सांगतात, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी परवानगीचं बटण दाबा’, किंवा ‘व्हिडिओ पाहण्यासाठी दाबा’. मुलांनी क्रिकेटचा सामना फुकट पाहण्यासाठी एकदा ते दाबलं की त्यानंतर उजव्या कोपऱ्यात दिवसरात्र ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ असे फलक झळकू लागतात. त्यावर अँटिव्हायरसचं चिन्हही असतं, पण नीट पाहिलं तर खाली बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि त्या संकेतस्थळाचा पत्ता दिसतो. इथे यंत्रात काहीही शिरलेलं नसतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात सूचनांची यादी असते. तिथून ती अनोळखी नावं काढली की दोन मिनिटांत सगळं थांबतं. याच कामासाठी लोकांनी फॉरमॅटचे पैसे मोजलेले आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

ब्राउझर बंद असतानाही जाहिरातीच्या खिडक्या उघडत असतील, तर मात्र प्रोग्रॅम आत बसला आहे. मुख्य पान बदललं, परत जागेवर आणलं आणि पुन्हा बदललं, तर कोणीतरी ते मागून बदलत आहे. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हाचे गुणधर्म उघडले आणि पत्त्याच्या शेवटी कुठल्यातरी संकेतस्थळाचं नाव चिकटवलेलं दिसलं, तर ब्राउझर कितीही साफ केला तरी तेच पान उघडत राहणार. घरच्या संगणकावर क्रोम जर म्हणत असेल की हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून हाताळला जातो, तर थांबून विचार करा: घरात कुठली आली संस्था? काही अँटिव्हायरसही हा संदेश उमटवतात, पण अनेकदा एखाद्या अ‍ॅडवेअरने धोरणाच्या नोंदीत स्वतःला बसवून घेतलेलं असतं, म्हणजे त्याचं विस्तारक (ब्राउझरला जोडलेलं एक्स्टेन्शन) काढण्याचं बटणच निकामी होतं. नुसतं यंत्र मंद झालं एवढ्यावरून मात्र स्पायवेअरचा निष्कर्ष काढू नका. जुनी हार्ड डिस्क, कमी रॅम, भरलेली सी ड्राइव्ह, धुळीने माखलेला पंखा ही त्याची जास्त साधी कारणं आहेत, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती आधी तपासावीत.

एक लक्षण मात्र असं की त्यावर काही तपासत बसू नये. पूर्ण पडदा निळा किंवा लाल होतो, भोंगा वाजतो, मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक फोन नंबर झळकतो आणि ‘संगणक बंद करू नका’ असं सांगितलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. तो नंबर लावला की पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखा दुरून यंत्र हाताळण्याचा प्रोग्रॅम उतरवायला सांगतो आणि आपल्या डोळ्यांदेखत बँकेचं पान उघडतो. अशा वेळी सरळ पॉवरचं बटण दाबून धरा. यंत्राचं काही बिघडत नाही.

दुरुस्तीवाल्यांविषयी एक शब्द. माझा रोख त्यांच्यावर नाही. दिवसाला दहा यंत्रं येणाऱ्या माणसाला प्रत्येकाचा शोध घेत बसणं परवडत नाही, म्हणून तो फॉरमॅट मारतो. पण दुरुस्तीच्या टेबलावरूनच या महाराष्ट्रात मोठं काम उभं राहिलं आहे. साताऱ्याकडच्या कुटुंबातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढे संगणक दुरुस्त करू लागले. गिऱ्हाइकांच्या यंत्रांत फ्लॉपीवाटे आलेले तेच ते विषाणू पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला. १९९० च्या दशकात त्यातूनच क्विक हील हा अँटिव्हायरस जन्मला. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. तेच यंत्र पुन्हा का आलं, हा प्रश्न ज्याला पडला त्याच्या हातून हे घडलं. पेण-रोह्याच्या दुरुस्तीवाल्यांनीही यंत्र परत देताना गिऱ्हाइकाला निदान एवढं सांगावं की हे कुठल्या फायलीतून आलं.

काढण्याची पद्धत पुस्तिकेत पडद्यांच्या चित्रांसह दिली आहे. इथे फक्त क्रम आणि त्यामागचं कारण सांगतो. आधी नेट तोडायचं, म्हणजे वायफाय बंद किंवा तार बाहेर, कारण असे प्रोग्रॅम आपले हरवलेले भाग नेटवरून परत आणतात. मग बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी तारखेप्रमाणे लावायची. त्रास सुरू झाला त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय आलं ते पाहिलं की गुन्हेगार बहुधा तिथेच सापडतो, आणि एकाच दिवशी आलेले चार अनोळखी प्रोग्रॅम दिसले तर ते बहुधा एकाच गठ्ठ्यातले. त्यांना रीतसर अनइन्स्टॉल करायचं. नुसतं चिन्ह किंवा फोल्डर पुसून भागत नाही. काही प्रोग्रॅम जाताना ‘खरंच काढायचं का?’ असं इतक्या फिरवून विचारतात की घाईत उलट बटण दाबलं जातं, म्हणून तिथला प्रत्येक शब्द वाचायचा. त्यानंतर ब्राउझर: विस्तारकांची यादी, सूचनांची यादी, शोधयंत्र, मुख्य पान, डेस्कटॉपवरचं चिन्ह. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांची यादी पाहायची. टास्क शेड्युलर हे लोक विसरतात. ‘दर तासाला अमुक चालव’ अशी नोंद तिथे राहिली, तर काढलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी उठून बसतो. प्रॉक्सीची सेटिंगही पाहायची, कारण आपली सगळी ये-जा दुसऱ्याच्या हातून जाईल अशी तिथे सोय करून ठेवलेली असू शकते.

हाताने एवढं झाल्यावर यंत्राकडून तपासणी. नेट जोडून डिफेंडर अद्ययावत करायचा आणि पूर्ण तपासणी लावायची. नंतर त्याचीच ऑफलाइन तपासणी, जी विंडोज उठण्याआधीच चालते, त्यामुळे लपून बसणाऱ्याला लपायला जागा मिळत नाही. अ‍ॅडवेअरसाठी अ‍ॅडब्ल्यूक्लीनर हे छोटं, फुकट साधन उत्तम आहे. एका फ्रेंच प्रोग्रॅमरने ते बनवलं आणि २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने विकत घेतलं. ते मालवेअरबाइट्सच्याच संकेतस्थळावरून घ्यावं, शोधात वर आलेल्या जाहिरातीतून नव्हे. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झालं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या या केंद्राच्या संकेतस्थळावर भारतीय अँटिव्हायरस कंपन्यांची सफाईची साधनं आणि पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारं सीडॅकचं यूएसबी प्रतिरोध फुकट मिळतं. लोकांना हे केंद्र माहीतच नाही.

नाव मोठं म्हणून डोळे मिटून विश्वास टाकू नये, हे मात्र मला ठामपणे सांगायचं आहे. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीड्या संगणकात एक लपणारा प्रोग्रॅम गुपचूप बसवत असल्याचं मार्क रसिनोविच यांनी उघड केलं. २०१५ मध्ये लेनोव्होच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्ये सुपरफिश हा अ‍ॅडवेअर कारखान्यातूनच भरलेला सापडला. सफाईसाठी नावाजलेल्या सीक्लीनरच्या २०१७ मधल्या एका आवृत्तीतच घुसखोरांनी आपला भाग मिसळला होता. अ‍ॅव्हास्ट हा अँटिव्हायरस आपल्या ग्राहकांच्या ब्राउझिंगच्या नोंदी जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकत होता, आणि त्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून साधनं कमी ठेवावीत आणि काम झालं की काढून टाकावीत. एका यंत्रावर दोन-तीन अँटिव्हायरस बसवणाऱ्यांची यंत्रं मी नेहमी पाहतो. ते एकमेकांशीच झगडत असतात.

यापुढचा भाग गंभीर आहे. खरा हेर जाहिराती दाखवत नाही, तो गप्प राहतो. कळांचे ठोके टिपणारा कीलॉगर असो वा दुरून यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, त्याचं लक्षण पडद्यावर नव्हे तर खात्यांत दिसतं: आपण न केलेलं लॉगिन, न मागितलेला ओटीपी, ईमेलमध्ये आपोआप बसलेला पुढे पाठवण्याचा नियम. अशी साधनं महागही नसतात. नेटवायर नावाचा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं उघड विकला जात होता. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने त्याचं संकेतस्थळ जप्त केलं आणि त्याच सुमारास क्रोएशियात एकाला अटक झाली. भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये याच नेटवायरमार्फत फायली पेरल्या गेल्या, असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटलं. भारतीय तपास यंत्रणेने ते मानलेलं नाही आणि त्यात मी शिरत नाही. ईमेलमधून आलेल्या एका फायलीपासून सुरुवात झाली असं त्या अहवालात नोंदवलं आहे, तेवढं घरगुती वाचकाने ध्यानात ठेवावं. विंडोज फायलींच्या नावाचा शेवटचा भाग लपवतं, त्यामुळे ‘बिल पीडीएफ’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ईएक्सई असू शकते. तो भाग दाखवण्याची सेटिंग पहिल्या प्रकरणातच करून घेतली आहे.

आणि कधी कधी हेर घरचाच असतो. नवरा बायकोच्या, भाऊ बहिणीच्या यंत्रावर असा प्रोग्रॅम बसवतो आणि काळजीपोटी केलं म्हणतो. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रात शिरून माहिती काढणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशी शंका असलेल्या बाईने घाईने तो प्रोग्रॅम काढू नये, कारण काढल्याचं समोरच्याला लगेच कळतं आणि पुरावाही जातो. आधी दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून विश्वासातल्या माणसाशी, महिला हेल्पलाइन १८१ शी किंवा पोलिसांशी बोलावं.

पैशांच्या बाबतीत पेणकरांना वेगळं सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा आयुष्यभराच्या ठेवी अडकणं म्हणजे काय ते या गावाने भोगलं आहे. पासवर्ड गेल्याची शंका आली तर सगळे पासवर्ड बदलायचे, पण त्याच यंत्रावरून नव्हे, स्वच्छ यंत्रावरून. नाहीतर नवा पासवर्डही हेराच्याच हाती जातो. पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर, त्याच तासात. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि जवळच्या ठाण्यात तक्रार.

कायदाही आता संमतीच्या भाषेकडे वळला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे माहिती गोळा करणाऱ्याने संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला हवा, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. लबाड अ‍ॅडवेअरवाला कायदा पाळणार नाही हे उघड आहे, पण प्रामाणिक कंपनीकडे मराठीत सूचना मागण्याचा हक्क आपल्याला मिळतो आहे आणि तो बजावला पाहिजे. विंडोज आणि क्रोम दोन्ही मराठीतून वापरता येतात. ज्या घरात इंग्रजी वाचायला जड जातं तिथे आजच भाषा बदलून घ्यावी.

जुन्या यंत्रांबद्दल एक गोष्ट निकडीची आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा सुधारणांची योजना घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. टाळेबंदीत मुलांच्या शाळेसाठी घेतलेली कित्येक जुनी यंत्रं विंडोज ११ पेलू शकत नाहीत. अशा यंत्रावर बँकेचं काम थांबवा, किंवा त्यावर उबंटूसारखी फुकट लिनक्स प्रणाली बसवून घ्या.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एवढं करा: घरातले फोटो, कारखान्याचे हिशेब, मुलांची प्रमाणपत्रं यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, प्रोग्रॅमच्या फायली त्यात घेऊ नका, आणि ती डिस्क यंत्रापासून काढून कपाटात ठेवा. त्यानंतरच सफाईला हात घाला. घरात संगणक हाताळणारं सगळ्यात धाकटं माणूस जे असेल, त्याला शेजारी बसवून घ्या.